गाण्याआधीची टाळी

टाळी आणि गाण्याचा पहिला शब्द यांच्यामध्ये तीनशे ऐंशी मिलिसेकंदांची जागा होती, म्हणजे अर्ध्या सेकंदाहूनही कमी. जुन्या रेकॉर्डवर ती जागा खरखरीने भरलेली असायची, त्यामुळे तिथे आणखी काही असेल असं एक्केचाळीस वर्षांत कुणाच्या मनात आलं नव्हतं. आता खरखर पुसून टाकली होती आणि त्या जागेत, मध्याच्या जरा अलीकडे, एक बारीक आवाज होता. आत ओढलेला श्वास. लहान मुलाचा, तोंडाने घेतलेला आणि अर्ध्यावर तुटलेला. तिने तो सात वेळा ऐकला. आठव्यांदा ऐकण्यासाठी तिने हेडफोनची उजवी वाटी कानावर दाबून धरली, डावीचा तिला तसाही उपयोग नव्हता, आणि मग बटणावरचं बोट उचललं. सात वेळा सारखंच आलेलं माप आठव्यांदा बदलत नाही, हे तिने हाताखालच्या मुलींना शेकडो वेळा सांगितलं होतं.

दुपारची जेवणाची सुट्टी होती. ती बसली होती त्या खोलीला दवाखान्यात सगळे पेटी म्हणत. कान तपासायची खोली, जाड दाराची, भिंतींना राखाडी स्पंज लावलेली, दोन खुर्च्या कशाबशा मावतील एवढी. दार ओढून घेतलं की रस्ता, लिफ्ट, रिसेप्शनवरचा फोन, सगळं एका झटक्यात नाहीसं होई आणि पेशंट हमखास विचारत, "मला माझ्याच पोटातलं गुरगुरणं ऐकू येतंय, हे बरोबर आहे ना?" चोवीस वर्षं ती या पेटीत लोकांचे कान मोजत होती. ही फाइल घरी ऐकायचा तिला धीर झाला नसता. शिवाय इथले हेडफोन दर सहा महिन्यांनी तपासून घेतलेले असत, त्यांच्यावर विश्वास ठेवता येत होता. रेकॉर्ड कंपनीने फाइल तिघांनाही पाठवली होती, दादाला, ताईला आणि तिला. ऐका आणि मंजुरी कळवा. सोबत साउंड इंजिनिअरचं पत्र होतं. तुमच्या त्या प्रसिद्ध टाळीवर आम्ही तीन दिवस काम केलं, असं त्याने लिहिलं होतं; आता ती अशी वाजते की ऐकणाऱ्याला आपण स्टेजवरच उभे आहोत असं वाटावं, तुम्हाला नक्की आवडेल. त्या माणसाने आपलं काम चोख केलं होतं. त्याचा काही दोष नव्हता आणि म्हणूनच तिला त्याचा राग आला. दोष असता तर चार खरमरीत ओळी लिहून मोकळं होता आलं असतं.

तीन भावंडं होती ती. दादा तेरा वर्षांचा, ताई अकराची, ही नऊची. चकचकीत निळी जाकिटं, एकसारखे कापलेले केस, उंचीप्रमाणे उतरत्या क्रमाने उभी. गाणी बाबा लिहीत, चाली बाबा लावत, गाडी बाबा चालवत, आणि जाकिटं आई शिवे. लोकांनी त्यांच्या नावांची कधी फिकीर केली नाही. मोठा, मधली आणि छोटी. पन्नाशी आली तरी ती छोटीच होती. बँकेच्या रांगेत, भाजी निवडताना, एकदा तर दाढ काढून घेताना डॉक्टरने चिमटा हातात धरून विचारलं होतं, "तुम्ही त्या छोटी ना?" आणि मग सगळे करतात तेच त्यानेही केलं होतं. चिमटा ट्रेमध्ये ठेवला आणि एक टाळी वाजवली. एकच, खणखणीत. त्या गाण्याची सुरुवातच तशी होती. ड्रम नाही, गिटार नाही. अंधारात एक टाळी आणि लगेच दादाचा आवाज. त्या टाळीवर माणसं जेवणाची ताटं खाली ठेवून नाचायला उठत. भुलीने अर्धं तोंड बधिर झालेलं असताना तिला डॉक्टरकडे बघून हसावं लागलं होतं, आणि उरलेल्या अर्ध्या तोंडाने ती हसलीही होती. त्याचा राग तिला अजून होता. दाढ कधीची गेली, राग तिथेच होता, मुळासकट.

बाबांचे नियम दोन. पहिला म्हणजे भोक पडता कामा नये. दोन गाण्यांच्या मध्ये शांतता झाली की कार्यक्रमाला भोक पडतं आणि त्या भोकातून माणसं घरी जातात, असं ते म्हणत. दुसरा, ठेका मोजताना ओठ हलवायचे नाहीत. मोजायचं ते बुटाच्या आत, पायाच्या अंगठ्याने, कुणाला दिसणार नाही असं. दादाला ते छान जमे. तिला जमत नसे, कारण तिचे बूट ताईचे होते, दोन नंबर मोठे, पुढे कापूस कोंबलेला, आणि त्या कापसात अंगठा कशालाच लागत नसे. हे तिने आईला सांगितलं होतं. "थांब, अजून थोडा कापूस घालते," आई म्हणाली होती. दौऱ्यातल्या नवव्या कार्यक्रमाची रेकॉर्ड निघणार होती, टीव्हीचे तीन कॅमेरे लागले होते, आणि चौथ्या गाण्यात तिने आपली ओळ येईपर्यंतचे आठ ठोके ओठांनी मोजले. आवाज न करता, एक, दोन, तीन, चार. पाचावर असताना तिला कॅमेऱ्याचा लाल दिवा आपल्याकडे वळलेला दिसला, पण मध्येच थांबलं असतं तर ओळ चुकली असती, म्हणून तिने आठपर्यंत मोजलं आणि ओळ बरोबर घेतली. गाणं संपलं, दिवे गेले, ताई जाकीट बदलायला पलीकडच्या विंगेत पळाली आणि ती अलीकडच्या. तिथे बाबा उभे होते. ते समोर, त्यांचा उजवा हात, तिचा डावा कान. साधी भूमिती आहे. शेजारी हातभर अंतरावर कोरसचा माइक होता आणि तो चालू होता. स्टेजच्या मध्यावर अंधारात उभ्या असलेल्या दादाने तो आवाज ऐकला आणि ड्रमवाल्याची वाट न बघता एकदम गायला सुरुवात केली. भोक पडलं नाही. लोकांनी छप्पर डोक्यावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी गाडी चालवता चालवता, मागे न बघता, बाबा म्हणाले होते, "कालची सुरुवात झकास जमली. तीच ठेवू. टाळी छोटी वाजवेल." एवढंच. त्यावर ताई म्हणाली, "मी वाजवते ना," आणि बाबा म्हणाले, "नको, तुझा हात जड आहे." हे वाक्य तिला अजून शब्दन् शब्द आठवत होतं आणि ते आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाई. उरलेल्या सदतीस कार्यक्रमांत तिने ती टाळी वाजवली. त्याच बाजूच्या विंगेत, त्याच माइकसमोर, दिवे गेल्यावर, आपल्या हातांनी. तिसऱ्या कार्यक्रमापर्यंत तळहात असे वाकवायचे की आवाज मोठा येतो हेही तिला समजलं आणि त्याबद्दल शाबासकीही मिळाली. कानात तेव्हा शिट्टी होती, रात्रंदिवस, एका पट्टीतली. शिट्टी गेली तेव्हा तिला बरं वाटलं. शिट्टीबरोबर बाकीचंही गेलं होतं हे कळायला दोन महिने लागले, कारण ती डावीकडच्या टोकाला उभी असे, दादा-ताई तिच्या उजव्या हाताला, आणि कुणी डावीकडून हाक मारली तर मान पूर्ण फिरवायची सवय तिला आपोआप लागली होती. मग आईने डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "हिला गालगुंड झालं होतं. तापही होता खूप." डॉक्टर म्हणाले, हो, गालगुंडाने जातो एक कान. त्यांनी लिहून दिलं. बाहेर आल्यावर आईने तिचा हात धरला आणि विचारलं, "ताप होता ना गं तुला? आठवतोय ना?" आणि तिने मान हलवली. आईला पुढे सोळा वर्षं वेळ होता खरं काय ते बोलायला. आई गेली ती मूग गिळूनच गेली. आईवर रागवायचं म्हटलं की तिला तो कापूस आठवे, आईने दातांनी तोडून गोल केलेला, आणि मग राग कुठे ठेवावा हे कळेनासं होई.

तिने शिक्षण घेतलं ते नेमकं याच विषयाचं, याला योगायोग म्हणणारी माणसं भेटत आणि ती त्यांना म्हणू देई. शिकली तेव्हा तिला दोन गोष्टी कळल्या. गालगुंडाने एका बाजूचा कान खरंच जातो. आणि जोराच्या थपडेनेही जाऊ शकतो. तिच्या कानाचा आलेख दोन्हींत बसण्यासारखा होता. तिसरी गोष्ट तिला नंतर कळली. माणूस आठवण काढतो तेव्हा प्रत्येक वेळी ती थोडी नव्याने लिहीत असतो. तेव्हापासून ती स्वतःवरच पाळत ठेवून होती. विंग, माइक, समोरचा हात, हे सगळं खरंच झालं की रागाने मागाहून रचलं? घरात कुणी ते नाकारलं नव्हतं, कारण कुणी ते काढलंच नव्हतं. ताप मात्र सगळ्यांना आठवत होता. एका नऊ वर्षांच्या मुलीची आठवण हे काही मोजमाप नव्हे, असं स्वतःला बजावत तिने एक्केचाळीस वर्षं काढली. नोकरीच्या वेळी, विम्याच्या वेळी, स्वतःच्या दवाखान्यातल्या स्वतःच्या कागदावरसुद्धा, 'कारण' या रकान्यात तिने आपल्या सुवाच्य अक्षरात गालगुंड असं लिहिलं. इतरांच्या खोटेपणाचा राग येतो तो निवतो. या अक्षराचा येई तो निवत नसे.

म्हणून त्या दुपारी तिने पेटीचं दार पुन्हा ओढून घेतलं, फोनवर रेकॉर्डिंग लावलं आणि तो हातभर अंतरावर ठेवला. आधी दहा टाळ्या वाजवल्या, तळहात सपाट ठेवून पाच, वाकवून पाच. मग दुसरा गट. त्यासाठी गाल हवा होता आणि दुसऱ्या कुणाचा मिळण्यासारखा नव्हता. तिने उजव्या हाताने स्वतःच्या डाव्या गालावर, कानाच्या अलीकडे, एक मारली. नमुना किमान दहाचा हवा. सहाव्या थपडेला तिच्या लक्षात आलं की आपण हात आखडता घेतोय, गाल जवळ आला की मनगट आपोआप सैल पडतंय, आणि मग अशी काही तिडीक डोक्यात गेली की उरलेल्या चार तिने मोजल्या खऱ्या, पण मोजणारी दुसरीच कुणी असावी. दहावीनंतर डोळ्यांत पाणी आलं होतं. ते दुखण्याचं होतं, प्रतिक्षिप्त क्रिया, तिने त्याची नोंद घेतली. संगणकावर दोन्ही गट शेजारी शेजारी ठेवले. टाळीत दोन पंजांमध्ये हवा कोंडली जाते आणि ती एकदम सुटते, त्यामुळे आवाज उघडा, कोरा येतो. गालाच्या मागे तोंडाची पोकळी असते, दात असतात. आवाज आखूड येतो आणि त्याच्या तळाशी एक बोदा ठोका असतो. जुन्या रेकॉर्डवर खरखरीने हा तळ झाकलेला होता. तीन दिवस खपून त्या भल्या माणसाने तो वर काढला होता. रेकॉर्डवरची टाळी दुसऱ्या गटात बसली. काठावर नाही, मधोमध.

बाहेर आली तेव्हा रिसेप्शनवरच्या बाई डबा धुऊन परतत होत्या. "मॅडम, पेटीत डास झालेत का?" त्यांनी विचारलं. "दाराच्या फटीतून बारीक फट् फट् ऐकू येत होतं."

"होते. मारले."

"आणि गाल केवढा लाल झालाय! चावला वाटतं."

"चावला," ती म्हणाली. "जुना होता."

बाई हसल्या. मॅडम क्वचित विनोद करत, तेव्हा हसून घ्यायचं असा त्यांचा रिवाज होता.

चार वाजता दादाचा फोन आला. त्याचा आवाज अजून गोड होता, पंचावन्नाच्या घरात आलेल्या माणसाचा असावा त्यापेक्षा दहा वर्षांनी तरुण. "ऐकलंस की नाही? अगं काय केलंय त्या माणसाने! माझा तो वरचा सूर ऐकलास? मला वाटायचं मी तिथे कमी पडलो होतो. मुळीच नाही. एकदम नाकासमोर."

"ऐकलं."

"मग मंजुरी पाठव ना बाई. ताईने कालच पाठवली. तुझं घोडं नेहमीच अडलेलं. आणि गुरुवारी अकराला बाबांना घेऊन येतोय, आता सबबी नकोत. दोन वर्षं टोलवतेयस. जगाचे कान तू बघायचेस आणि घरचा म्हातारा ठार बहिरा. रविवारी नव्या रेकॉर्डच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसणार आहेत ते, त्यांना काही ऐकूच आलं नाही तर तो सोहळा काय चाटायचाय?"

"दादा, टाळीनंतर एक श्वास ऐकू येतो."

फोनवर शांतता झाली. दोन सेकंद, सवा दोन. "असेल. तो म्हणत होता खरा, बारीकसारीक सगळं वर आलंय म्हणून."

"तू ड्रमवाल्यासाठी का थांबला नाहीस?"

"कधी?"

"तेव्हा."

"छोटे, एवढ्या वर्षांनी काय गं हे." त्याने घसा खाकरला. मग गोडवा जरा बाजूला ठेवून म्हणाला, "भोक पडलं असतं. लोकांनी विंगेकडे बघितलं असतं. तुझ्याकडे. तेरा वर्षांचा होतो मी, मला दुसरं काय येत होतं? गाता येत होतं, गायलो. उपकार राहू देत, निदान दोष तरी देऊ नकोस."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"हे बघ, रविवारी तू स्टेजवर यायचं, एक टाळी वाजवायची आणि खाली बसायचं. एक टाळी. तेवढ्यासाठी पोरंसोरं आईबापांना घेऊन येणार आहेत. आणि बाबांची ही शेवटचीच वेळ. कळलं? जास्त विचार करत बसू नकोस."

फोन ठेवल्यावर ती राग कशाचा हे सवयीप्रमाणे सुटं करून बघू लागली. त्याला माहीत होतं, याचा. माहीत असून तो इतक्या सहज बोलला, याचा. त्याने तिला झाकलं होतं, खरोखरच झाकलं होतं, याचा सर्वांत जास्त. अंधारात एक पोरगा तिच्यासाठी धावून आला होता, त्याच्याजवळ होतं नव्हतं ते घेऊन, आणि त्याने घातलेलं पांघरूण इतकं सुरेख होतं की खाली काय आहे ते बघायला एक्केचाळीस वर्षं कुणी ते उचललं नाही. आता तिची खात्री झाली होती, साक्षीदार होता, माप होतं. खात्री झाली की माणूस शांत होतो असा तिचा समज होता. उलट इतकी वर्षं शंकेने राग धरून ठेवला होता, बांधासारखा, आणि आता तो बांध नव्हता. घरी जाताना बसथांब्यावर तिला जाहिरात दिसली, तीन काळ्या आकृत्या आणि वर दोन भलेमोठे तळहात, रविवारी या, टाळी वाजवा. तिने कागदाच्या सुटलेल्या कोपऱ्यात नख घातलं आणि मनगटापर्यंत पट्टी ओढून काढली. शेजारच्या बाकावरची बाई म्हणाली, "अहो, फाडताय कशाला? चांगली घरंदाज मुलं होती ती. आजकाल असं एका घरात दिसतं का कुठे?" तिने पट्टीची घडी घालून पर्समध्ये ठेवली. जबडा दुखत होता. दात आवळले की दुखतो.

गुरुवारी बाबा अकराला पाच कमी असतानाच आले. इस्त्रीचा शर्ट, काठी, आणि बहिऱ्या माणसांचा असतो तसला सगळ्या मजल्याला ऐकू जाणारा आवाज. "हिचा दवाखाना स्वच्छ आहे," ते दादाला ओरडून म्हणाले. रिसेप्शनवरच्या बाई उभ्या राहिल्या, आणि व्हायचं तेच झालं. त्यांनी लाजत एक टाळी वाजवली. बाबांना ती ऐकू आली नाही पण दिसली आणि त्यांनी हात उंचावून ती स्वीकारली. आत त्यांना खुर्चीत बसवून तिने कागद पुढे ओढला. प्रश्न ठरलेले असतात. किती दिवसांपासून, दोन्ही कान की एक, कानात आवाज येतो का, चक्कर येते का. ती मोठ्याने विचारत होती आणि ते पेशंटसारखी सरळ उत्तरं देत होते.

"घरात आणखी कुणाला कमी ऐकू येतं?"

"धाकट्या मुलीला," बाबा म्हणाले. "डावा कान. लहानपणी गालगुंड झालं होतं तिला. खूप ताप होता, बिचारीला." आणि मग समोर तीच आहे हे आठवून त्यांनी हात पुढे केला आणि तिच्या मनगटावर दोनदा थोपटलं.

तिने त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. चोवीस वर्षं ती माणसं ऐकू आल्याचं सोंग करताना बघत आली होती, तिला सोंग कळे. इथे सोंग नव्हतं. तो चेहरा दुःखी होता, खराखुरा, एका तापलेल्या मुलीच्या आठवणीने. ते खोटं बोलत असते तर बरं झालं असतं, खोटं बोलायला खरं जवळ बाळगावं लागतं. यांनी ते केव्हाच कुठेतरी टाकून दिलं होतं, त्यांना ते इतकं हलकं होतं, आणि त्याच्या जागी एक ताप ठेवून दिला होता आणि त्या तापात स्वतःला एक काळजी करणारा बापही देऊन टाकला होता. पेन कागदावर टेकलेलं होतं आणि शाईचा ठिपका मोठा होत होता. "पुढे घे ना," दादा फोनकडे बघत हळू म्हणाला. तिने रकाना कोरा सोडला आणि पुढे घेतलं.

पेटीत बसवून तिने त्यांच्या हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. काचेच्या अलीकडे बसून ती बारीक बारीक स्वर सोडू लागली आणि तिच्या लक्षात आलं की बाबा शांततेतही बटण दाबतायत. स्वर थांबवून ती पाच सेकंद गप्प बसे, आणि तिसऱ्या सेकंदाला त्यांचा अंगठा हले. त्यांना काही ऐकू येत नव्हतं. त्यांना रिकामी जागा सोसत नव्हती. तिने तपासणी तीनदा केली, खोटे ठोके वेगळे काढले, मग तोंडापुढे कागद धरून शब्द म्हटले, ओठ दिसू नयेत म्हणून. पाणी, खिडकी, घोडा. बाबा कागदाकडे डोळे फाडून बघत राहिले आणि दहातले तीन बरोबर आले. कानात घालायचं मशीन जोडताना संगणकावर मोठ्या आवाजाची मर्यादा ठरवायची असते. तो आकडा एका बोटाने वर सरकतो. वीसने वर सरकवला तर दार आपटलं तरी माणूस किंचाळून उठेल. तिचं बोट त्या आकड्यापाशी होतं. ती त्या बोटाकडे परक्या माणसाच्या बोटाकडे बघावं तशी बघत होती. मग तिने आकडा जिथे हवा तिथे ठेवला, एकाचाही फरक न करता, दोनदा पडताळून. दयेने नाही. त्यांना नीट ऐकू यायला हवं होतं.

मशीन सुरू झालं. बाबांनी मान वर केली. "हे काय घरघरतंय?" पंखा होता. त्यांनी शर्टाची बाही चोळली आणि तिचा आवाज ऐकला, काठी जमिनीवर टेकवली, पुन्हा टेकवली. "माझा आवाज असा आहे?" त्यांनी विचारलं, आणि प्रश्न संपेपर्यंत आवाज आपोआप खाली आला. दादाचे डोळे भरून आले होते. "बघा, बघा, काय म्हणत होतो मी!" तो म्हणाला. बाबा आता हसत होते, खोलीभर नजर फिरवत, प्रत्येक वस्तूला तिचा आवाज परत मिळाल्यासारखे, आणि शेवटी त्यांनी तिच्याकडे बघितलं.

"छोटे," ते म्हणाले, "वाजव बरं एकदा. बघू या, कशी ऐकू येते."

"हां, रंगीत तालीम!" दादा म्हणाला. "वाजव, वाजव."

तिचे हात टेबलावर होते. तिने ते तिथेच राहू दिले.

"बाबा, मी बोलतेय ते स्पष्ट ऐकू येतंय?"

"अगदी. ओरडायला नको आता."

"ती टाळी नव्हती," ती म्हणाली. तिला आवाज चढवावा लागला नाही. "तुम्ही माझ्या कानाखाली मारली होती. विंगेत, चौथ्या गाण्यानंतर, मी ओठांनी मोजलं म्हणून. माझा कान त्याने गेला. मला गालगुंड कधी झालंच नाही."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. हसू चेहऱ्यावर तसंच होतं, उतरायचं राहून गेलेलं. मग ते दादाकडे वळले. "काय म्हणते ही?"

दादाने तोंड उघडलं. तिला त्याच्या गळ्यातली हालचाल दिसली, एखादा सूर घ्यावा तशी, आणि ती थांबली. त्याने तोंड मिटलं. पंखा घरघरत होता. बाबांचा अंगठा मांडीवर काहीतरी शोधत होता, दाबायला. "अरे, मी विचारतोय, काय म्हणते ही?" ते पुन्हा म्हणाले, आणि त्यांचा हात कानाकडे गेला.

"त्यांना ऐकू आलंय," ती दादाला म्हणाली. "मशीनला हात लावू नका, बाबा. रविवारी मी येणार आहे. टाळी वाजवणार नाही. माइक माझ्या हातात आला की आत्ता सांगितलं तेच सगळ्यांसमोर सांगणार आहे, आणि तुम्ही पहिल्या रांगेत बसून ते ऐकायचं आहे."